गच्चीवरून गुरू-शनी

मुंबई-पुण्याच्या उजेडात आकाशगंगा केव्हाच बुडाली, सप्तर्षीतला अंधुक चौथा ताराही आता शोधावा लागतो. ग्रह मात्र या उजेडाला पुरून उरतात. ताऱ्यांमध्ये सर्वांत तेजस्वी व्याध, पण शुक्र आणि गुरू नेहमीच त्याच्याहून ठळक असतात. गर्दीच कमी झाल्यामुळे शहरात ते ओळखणं उलट सोपं जातं.

अडचण उजेडाची नाही, टॉवरांची आहे. आणि इथे आपलं नशीब चांगलं आहे. सूर्य, चंद्र आणि ग्रह आकाशातल्या एकाच पट्ट्यातून फिरतात, त्याला आयनिकवृत्त म्हणतात. मुंबई 19 अंश उत्तरेला असल्यामुळे हा पट्टा आपल्या जवळजवळ डोक्यावरून जातो. गुरू किंवा शनी दक्षिणेला मध्यावर येतो तेव्हा कितीही खाली असला, तरी क्षितिजापासून सुमारे 45 अंश वर असतो. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे 10 अंश. म्हणजे साडेचार मुठी! लंडनमध्ये तोच ग्रह कधीकधी जेमतेम दीड मूठ वर येतो.

तारा की ग्रह, हे लुकलुकण्यावरून कळतं. तारा इतका दूर की तो निव्वळ बिंदू. हवेच्या हेलकाव्यात त्याचा प्रकाश थरथरतो. ग्रहाची छोटी चकती असते. तिच्या निरनिराळ्या भागांतून येणारे किरण एकमेकांचं थरथरणं भरून काढतात, म्हणून तो शांत दिसतो. पण तापलेल्या इमारतींवरची हवा फार अस्वस्थ असते. क्षितिजालगत ग्रहही लुकलुकतो, तेव्हा ही पारख तीन मुठींच्या वरच करावी.

शुक्राची चांदणी मध्यरात्री कधीच दिसणार नाही. ती सूर्यापासून 47 अंशांपलीकडे जात नाही, म्हणून पहाटे पूर्वेला किंवा संध्याकाळी पश्चिमेलाच शोधायची. बुध तर 28 अंशांच्या आतच. त्याला मोकळं क्षितिज हवं, चौपाटीसारखं.

शनीची चाल आपल्या बोलण्यातच आहे. एका राशीत अडीच वर्षं, तीन राशींची साडेसाती. गुरू वर्षाला सुमारे एक रास सरकतो, म्हणून नाशिकचा सिंहस्थ 12 वर्षांनी येतो. भविष्याचा भाग सोडून द्या, पण हे गणित आकाशाकडे पाहूनच बसवलेलं आहे.

घरात साधी दुर्बीण असेल तर कठड्यावर कोपर टेकवून गुरूकडे रोखा. शेजारी एका रेषेत दोन-चार बारीक ठिपके दिसतील, ते त्याचे चंद्र. त्यांच्या जागा कागदावर काढून ठेवा आणि उद्या त्याच वेळी पुन्हा पाहा. आज डावीकडे असलेला ठिपका उजवीकडे गेलेला सापडेल.