साखर-मैदा बंद : यादी आली कुठून, आणि गुळाचं काय?

वजन उतरवायला निघालेल्या माणसाच्या हाती जो पहिला कागद पडतो, त्यावर चार नावं हमखास असतात: साखर, मैदा, पांढरा भात, साबुदाणा. पुढे 'बंद' एवढाच शेरा. कागद देणारा डॉक्टर असो, आहारतज्ज्ञ असो की जिममधला प्रशिक्षक, या चारांत सहसा बदल होत नाही. मतं फुटतात ती पाचव्या ओळीवर. कुणी तिथे 'गूळ, मध चालेल' लिहितं, कुणी 'गूळ, मधसुद्धा नको'. ही यादी कशी तयार झाली आणि पाचव्या ओळीवर आजही भांडण का आहे, त्याची ही पार्श्वभूमी.

फार मागे जायचं तर आयुर्वेदाच्या चरकसंहितेत अतिस्थूल माणसाला आठ निंदितांमध्ये, म्हणजे सदोष मानलेल्या आठ शरीरप्रकारांमध्ये, धरलं आहे आणि त्याला जव, मूग, कुळीथ असं पचायला वेळ घेणारं पण अंगावर न चढणारं अन्न सांगितलं आहे. मधाला तिथे परवानगी आहे. प्रमेहाची, म्हणजे मधुमेहासारख्या विकारांची, कारणं सांगणारा प्रसिद्ध श्लोक मात्र बैठी सवय, झोप, दही यांच्याच रांगेत नवं धान्य आणि 'गुडवैकृत', म्हणजे गुळाचे पदार्थ, बसवतो. जुन्या गुळाचं कौतुक आयुर्वेदात आहे, पण 'आयुर्वेदात गूळ चालतो' असं सरसकट सांगणारे या श्लोकाकडे सोयीस्कर काणाडोळा करतात.

वजनासाठी म्हणून यादी पहिल्यांदा गाजली ती लंडनमध्ये, १८६३ साली. अंत्यविधीचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ ऐकू कमी येतं म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी त्यांची पाव, साखर, बटाटा, दूध, लोणी आणि बिअर बंद केली. ९१ किलोंच्या त्या माणसाचं वर्षभरात वीसेक किलो वजन उतरलं आणि त्यांनी स्वखर्चाने पुस्तिका छापून ही हकिकत जगाला सांगितली. मांस आणि वाइन यांना त्यांच्या आहारात भरपूर जागा होती, हे त्यांचा दाखला देणारे आपल्याकडचे लोक सांगत नाहीत.

पांढरेपणाचा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. १८७०-८० च्या दशकांत युरोप-अमेरिकेत पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या आणि कोंडा-अंकुर काढलेलं पांढरं पीठ गरिबालाही परवडू लागलं. त्याच सुमारास आशियात यांत्रिक गिरणीचा सडलेला तांदूळ पसरला आणि त्यामागून बेरीबेरी हा हातपाय लुळे पाडणारा आजार. जावामध्ये १८९० च्या दशकात एका डच डॉक्टरांच्या लक्षात आलं, की पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ मिळाला की त्या सुधारतात. जीवनसत्त्वांच्या शोधाची वाट इथून निघाली.

आपल्याकडे या दोन्ही धाग्यांची गाठ पडली वर्ध्यात. १९३२ साली साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण देणारा कायदा झाला आणि तीसच्या आसपास असलेले कारखाने चार-पाच वर्षांत शंभराच्या पुढे गेले. गिरणीची पांढरी साखर खेड्यात पोचली, गावोगावची गुऱ्हाळं अडचणीत आली. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यात ग्रामोद्योगांसाठी एक संस्था उभी राहिली. तिने गिरणीचा तांदूळ सोडून हातसडीचा, गिरणीचं पीठ सोडून जात्याचं, कारखान्याची साखर सोडून गूळ आणि गिरणीचं तेल सोडून घाण्याचं, असा प्रचार हाती घेतला. आजच्या कागदावरची यादी जवळजवळ तशीच्या तशी तिथे सापडते. हेतू मात्र वेगळा होता. लोक खंगलेले होते. त्यांच्या पोटात जीवनसत्त्वं जावीत आणि खेड्यातल्या हातांना काम मिळावं, एवढ्यासाठी हे चाललं होतं. गूळ साखरेहून चांगला, हे विधान त्या संदर्भात बरोबरच होतं. ज्याला दिवसाकाठी पुरेसं अन्नच मिळत नाही, त्याने थोडं लोह, थोडी खनिजं असलेला गोडवा खावा, यात वावगं काय? नव्वद वर्षांनी तेच वाक्य पोट सुटलेल्या माणसाच्या कागदावर आलं, आणि घोळ तिथून सुरू झाला.

स्वातंत्र्यानंतर वर्ध्याचा आवाज फारसा टिकला नाही. १९५० नंतर प्रवराकाठच्या सहकारी कारखान्याचा धूर निघू लागला आणि पुढच्या तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्राचं राजकारण, शिक्षण, रस्ते, सगळं उसाभोवती फिरू लागलं. घरात चहा गुळाचा की साखरेचा, यावरून पत ठरायची. रेशनच्या साखरेची रांग एका पिढीला चांगलीच आठवते. कारखान्याच्या सभासदाला दिवाळीला सवलतीची साखर मिळते, ती आजही अनेकांच्या घरी पोत्याने येते. अशा राज्यात 'साखर बंद' म्हणणं हा फक्त वैद्यकीय सल्ला राहत नाही. तो देणारा डॉक्टर आणि ऐकणारा रुग्ण, दोघांच्याही घरी उसाची पट्टी जमा होत असण्याची शक्यता बरीच असते.

धान्याचंही तसंच झालं. परदेशी मदतीचा गहू, १९७२ चा दुष्काळ, रेशनवर स्वस्तात मिळणारे गहू-तांदूळ यांनी ज्वारी-बाजरीला ताटाच्या कडेला सारलं. भाकरी गरिबाची, पोळी बरी परिस्थिती असलेल्याची. साबुदाण्याची कथा आणखी मजेशीर आहे. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडून येणारा माल थांबला आणि तमिळनाडूतल्या सेलम भागात कसाव्याच्या कंदापासून तो बनू लागला. जवळपास निव्वळ पिष्ट (स्टार्च) असलेली ही गोळी, वर बटाटा, दाण्याचं कूट आणि तूप घालून, आपण एकादशीला पोट हलकं ठेवण्यासाठी खातो.

दरम्यान पाश्चात्त्य वैद्यक दुसऱ्याच शत्रूच्या मागे लागलं होतं. १९६७ साली अमेरिकेतल्या एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात हृदयरोगाचा दोष साखरेपेक्षा चरबीवर टाकणारे आढावे छापून आले. त्यांच्या लेखकांना साखर उद्योगाने साडेसहा हजार डॉलर दिले होते, हे उघड झालं २०१६ मध्ये. १९९२ च्या अमेरिकी अन्न-मनोऱ्याने पाव, भात, पास्ता तळाला ठेवून त्यांचे दिवसाला सहा ते अकरा भाग खायला सांगितले. आपल्या डॉक्टरांची त्या काळातली पत्रकं आठवून पाहा: तूप बंद, नारळ बंद, आणि भूक लागली तर मारी बिस्किट. मैद्याचं आणि साखरेचं बिस्किट 'हलकं' म्हणून पथ्यात बसलं होतं!

आता कळीच्या निर्णयाकडे. कोणती साखर मोजायची, हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. दुधात साखर असते, आंब्यात असते, गाजरात असते. १९८९ मध्ये ब्रिटनच्या एका सरकारी समितीने फळाच्या पेशीत असलेली, दुधातली आणि उरलेली अशी विभागणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००३ च्या अहवालात या 'उरलेल्या' साखरेवर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांची मर्यादा सुचवली, तेव्हा अमेरिकी साखर उद्योगाने या संघटनेला अमेरिकेकडून मिळणारा ४० कोटी डॉलरांचा निधी बंद पाडण्याचे प्रयत्न करू, अशी लेखी धमकी दिली. अहवाल तरीही प्रसिद्ध झाला. २०१५ मध्ये संघटनेची मार्गदर्शिका पक्की झाली आणि व्याख्याही: कारखान्याने, स्वयंपाक्याने किंवा खाणाऱ्याने घातलेली सर्व साखर, शिवाय मध, पाक आणि फळांच्या रसात मुळातच असलेली. अख्खं संत्रं मोजायचं नाही. त्याचा रस काढला की मोजायचा.

या व्याख्येत रंगाला जागा नाही. किती शुद्ध केली, याला नाही. कुणी घातली आणि कशातून सुटी झाली, एवढंच पाहायचं. म्हणजे गूळ आला, काकवी आली, रसवंतीतला उसाचा रस आला, डाएट म्हणून घेतलेल्या लिंबूपाण्यातला मध आला. वर्ध्याची पांढरं विरुद्ध तपकिरी ही मांडणी एका व्याख्येने निकालात निघाली आणि तेव्हापासून दोन्ही पक्ष एकमेकांशी वेगळ्याच विषयावर बोलत आहेत. एकाला विचारलं तर तो खनिजं सांगतो, दुसरा कॅलरी.

गुळापुरतं बोलायचं तर आकडे निर्दयी आहेत. काहिलीत रस आटवताना मळी काढली जाते, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून तो स्वच्छ करतात, आणि ढेपेत शेवटी जे उतरतं त्यात बहुतांश सुक्रोज, म्हणजे साखरच, आणि थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं. शंभर ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी, तर गुळात ३८० च्या. खनिजं असतात, पण चहाच्या कपातल्या चमचाभर गुळातून ती मिळतील ती नगण्य. आणि गोडी किंचित कमी म्हणून खडा थोडा मोठाच पडतो. गंमत म्हणजे पांढरेपणाचा सोस गुळालाही सुटला नाही. कोल्हापूरच्या बाजारात वर्षानुवर्षं भाव मिळाला तो पिवळ्याधमक ढेपेला. तो रंग यावा म्हणून रासायनिक पावडर मारली जायची. काळा गूळ हातभट्टीवाल्यांचा म्हणून बदनाम. आता तोच गडद गूळ 'सेंद्रिय' अशा लेबलाखाली शहरात दुप्पट भावाने जातो. गुऱ्हाळवाल्याचं भलं होत असेल तर आनंदच आहे, पण कंबरेचा घेर त्यामुळे कमी होईल अशी आशा ठेवू नये.

दुसऱ्या पक्षाचीही बाजू तितकी भक्कम नाही. २०१५ च्या मार्गदर्शिकेसाठी वजनावरचे प्रयोग एकत्र तपासले गेले. साखर कमी केलेल्या प्रौढांचं वजन सरासरी ८०० ग्रॅमने घटलं, आणि साखरेच्या जागी तितक्याच कॅलरीची दुसरी कर्बोदकं दिली तेव्हा वजनात काहीच फरक पडला नाही. १० टक्क्यांच्या पुढे जाऊन ५ टक्क्यांवर यावं, ही जी आणखी कडक सूचना आहे, तिचा आधार मुख्यतः दातांची कीड हा आहे, लठ्ठपणा नाही. २०२४ मध्ये आपल्या देशाच्या आहार मार्गदर्शिकेने दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास मर्यादा घातली, ती साधारण याच ५ टक्क्यांची. वर्तमानपत्रांनी ती 'वजनासाठी' म्हणून छापली, तेव्हा हा तपशील गळून पडला.

मग पांढऱ्या पिष्टाचं काय? २०२० मध्ये २१ देशांतल्या एक लाख ३२ हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियात शिजवलेल्या पांढऱ्या भाताचं प्रमाण दिवसाला ६३० ग्रॅम, सगळ्यांत जास्त. आणि भरपूर भात खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका तिथेच सर्वाधिक वाढलेला. याउलट २०१८ च्या एका अमेरिकी प्रयोगात ६०९ जणांपैकी निम्म्यांना चरबी कमी करायला सांगितली, निम्म्यांना कर्बोदकं. वर्षाअखेर पहिल्यांचं वजन सरासरी ५.३ किलोने उतरलं, दुसऱ्यांचं ६ किलोने. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने धरण्यासारखा नव्हता. बातम्यांत 'दोन्ही सारखेच' असा मथळा आला. पण दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळा, भाज्या खा, हे समान सांगितलेलं होतं, ही ओळ बऱ्याच बातम्यांत नव्हती.

महाराष्ट्रात याच सुमारास, २०१८ च्या आसपास, दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांत जेवण्याची लाट आली. तिचा भर काय खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं यावर होता, त्यामुळे साखर-मैद्याची यादी काही घरांत मागे पडली. समांतर दुसरा प्रवाह होता: आजीच्या हातचं खा, तूप-भात खा, पॅकेट टाळा. पाठोपाठ 'पाच पांढरी विषं' असे मेसेज फिरत राहिले. त्यांत साखर-मैद्याबरोबर मीठ आणि कधी दूधही असे. २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं आणि ज्वारीचं पीठ, नाचणीचे लाडू, बाजरीची बिस्किटं मॉलमध्ये आली. नाचणीच्या त्या लाडवात गूळ किती, हे पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतं.

२०२५ मध्ये आलेल्या एका देशव्यापी पाहणीने या उत्साहावर पाणी ओतलं. भारतीयांच्या आहारात सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, आणि पांढऱ्या तांदळाच्या जागी नुसतं गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणून मधुमेहाचा धोका घटत नाही. एकूण कर्बोदकं कमी करून त्यांच्या जागी प्रथिनं आली तर घटतो. म्हणजे दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या हा बदल कागदावर दिसतो तेवढा मोठा नाही. भाकरीबरोबर पिठलं किंवा उसळ किती, हे विचारायला हवं होतं, आणि ते विचारणारे कागद कमी आहेत.

बाजाराने मात्र पाचव्या ओळीतली फट नेमकी हेरली आहे. 'साखर घातलेली नाही' असं पाकिटावर लिहायचं तर आंतरराष्ट्रीय खाद्यसंहितेप्रमाणे मध, काकवी, कसलीच साखर घातलेली चालत नाही. म्हणून गुळाच्या कुकीजवर आणि खजुराच्या बारवर 'रिफाइंड साखर नाही' असं लिहिलेलं दिसतं. ते खोटं नसतंच. साखर व्यापाराच्या भाषेत तर आपल्या बहुतेक कारखान्यांत गंधकाची धुरी देऊन बनणारी, आपण वाण्याकडून रोज आणतो ती साखरही 'रिफाइंड' या वर्गात बसत नाही.