शेजारच्या घरातला आवाज: पुण्यातल्या वाड्यापासून टॉवरपर्यंत

वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, पहाटे सुरू होणारा पाण्याचा पंप, रात्री उशिरा लागलेला मिक्सर, बेडरूमच्या भिंतीला पलीकडून टांगलेला टीव्ही. पुण्यातल्या सोसायटीच्या सभेत हे विषय निघाले की बोलणं लगेच माणसांच्या स्वभावावर घसरतं. कोणाला शिस्त नाही, कोणाला संस्कार नाहीत, कोणाला फारच ऐकू येतं. मला हे पटत नाही. बेपर्वा माणसं असतातच. पण पुण्यातली घरं कशी बांधली गेली, ती कोणाच्या मालकीची होती आणि आवाजाचे कायदे कशासाठी झाले, हे पाहिलं तर यातल्या बऱ्याच भांडणांचं मूळ भिंतीत आणि फरशीखाली सापडतं.

जुन्या पुण्यात आवाजाची विभागणी धंद्याप्रमाणे होती. कसब्यातली तांबट आळी आजही ठोक्यांच्या आवाजावरून ओळखता येते. पेशवाईत पुण्यात वसलेले तांबट एका आळीत राहिले, बुरूड दुसऱ्या, कुंभार तिसऱ्या. ही रचना शांततेसाठी केलेली नव्हती. जात, धंदा आणि कच्च्या मालाची सोय यांतून ती आली होती, आणि तिच्यातला अन्याय झाकायचं कारण नाही. पण तिचा एक परिणाम असा होता की तांब्यावर हातोडा मारणाऱ्याचा शेजारीही हातोडाच मारत असे. रात्रीचं शहर तर बंदच होई. पेशवाईत रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरायला मनाई असायची.

आता वाडा. खाली दगडी जोतं, त्यावर दगड-विटांच्या जाड भिंती, आत सागवानी खांब आणि तुळया, वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत. त्या कडीपाटावर मातीचा जाड थर आणि तो शेणाने सारवलेला. हा मातीचा थर महत्त्वाचा आहे. जड, थोडा मऊ, आतून भुसभुशीत. त्यावर पाऊल पडलं की धक्का तिथेच बराचसा जिरतो. लाकडी जिना करकरायचा, चौकातल्या हौदावरची भांडी सगळ्या वाड्याला ऐकू यायची, पहाटे जातं घरघरायचं. म्हणजे वाडा शांत होता असं अजिबात नाही. पण दोन घरांमधली मूळची भिंत आणि दोन मजल्यांमधली जमीन, दोन्ही वजनदार होत्या.

हे बिघडलं ते वाड्यांची बिऱ्हाडं झाली तेव्हा. विसाव्या शतकात नोकरी-शिक्षणासाठी पुण्यात येणाऱ्यांना जागा हवी होती, आणि पेठांतल्या मालकांनी सोपे, माड्या, ओसऱ्या तोडून दोन-दोन खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. या खोल्यांमध्ये उभ्या राहिल्या त्या पडद्या: फळ्यांच्या, पत्र्याच्या, नाहीतर एका विटेच्या. पलीकडचा खोकला अलीकडे ऐकू येई. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. पण एवढ्याशा भाड्यात मालक दुरुस्तीला हात लावीना, आणि तात्पुरती म्हणून घातलेली पडदी चाळीस-पन्नास वर्षं तशीच राहिली.

इतक्या दाटीत लोक राहू शकले याचं एक कारण म्हणजे वाड्याला धनी होता. मालक बहुधा त्याच वाड्यात राहत असे. दिंडी दरवाजा किती वाजता बंद होणार, नळावर किती वाजेपर्यंत धुणं चालणार, हे तो ठरवी, आणि त्याचा शब्द सगळ्यांना आवडत नसला तरी शेवटचा असे. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, अशा पाट्यांवर बाहेरची माणसं फार हसली. मला त्या पाट्यांबद्दल आदर वाटतो. पातळ पडद्यांच्या घरांत दिवसातले दोन-तीन तास तरी सर्वांनी गप्प राहायचं, असा तो लेखी करार होता. खलबत्त्याखाली दुमडलेलं पोतं घालणं, रात्री पितळी भांडी न घासणं, ही त्याच कराराची न लिहिलेली कलमं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला धरणं फुटली आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे वाहून गेले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, दत्तवाडी, सहकारनगर अशा भागांत वस्त्या उभ्या राहिल्या. पुण्याचा मध्यमवर्ग मोठ्या संख्येने पेठेबाहेर पडला तो तेव्हा. त्याच दशकात कायद्याची चौकटही तयार होत होती: १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा, १९६३ चा सदनिकांच्या विक्रीबाबतचा मोफा, आणि १९७० चा अपार्टमेंट मालकीचा कायदा. या कायद्यांनी भाडेकरूचा मालक झाला. वाड्याचा धनी गेला, त्याच्या जागी सचिव आणि कमिटी आली. सोसायटीच्या आदर्श उपविधींत इतर सभासदांना उपद्रव होईल असं सदनिकेत काही करू नये, असं कलम आहे. पण कमिटीतली माणसंही शेजारीच. वरच्या घराला पत्र पाठवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच बरोबर लिफ्टमध्ये उभं राहायचं, हे जड जातं. त्यामुळे ते कलम कागदावर बसून राहतं.

मात्र खरा बदल बांधकामात झाला, आणि त्यावर सर्वांत कमी बोललं जातं.

साठ-सत्तरच्या दशकांतल्या तीन मजली इमारतींत भिंतींवरच भार असे. त्यामुळे नऊ इंची किंवा त्याहून जाड विटांची भिंत घालावीच लागे. आरसीसीचा सांगाडा आल्यावर भार खांबांनी घेतला आणि भिंत नुसता आडोसा झाली. मग ती सहा इंची झाली, आतल्या भिंती चार इंचांवर आल्या. कोथरूड, धनकवडी, बिबवेवाडी वाढले ते अशाच भिंतींवर. पुढे लाल विटेची जागा एएसी ब्लॉकने घेतली, म्हणजे बहुधा राख मिसळून केलेल्या हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्याने. त्यालाही चांगली कारणं होती. १९९९ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक वीजकेंद्रांची राख बांधकामात वापरण्याची अधिसूचना काढली, विटांसाठी शेतातली सुपीक माती खणली जात होती, आणि भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येणाऱ्या पुण्यात इमारत जितकी हलकी तितकी बरी. पण विटेच्या भिंतीचं वजन घनमीटरला अठराशे किलोच्या पुढे असतं आणि एएसीचं साधारण सहाशे.

आवाजाच्या बाबतीत वजन फार मोलाचं आहे. हवेतून आलेला आवाज भिंतीला किंचित हलवतो, आणि भिंत हलली की पलीकडची हवा हलते. भिंत जड असेल तर कमी हलते. ढोबळ हिशोब असा की भिंतीचं वजन दुप्पट केलं तर पलीकडे जाणारा आवाज पाच-सहा डेसिबलने घटतो. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची विटेची भिंत जवळपास ५० डेसिबल अडवते, साडेचार इंची ४५ च्या आसपास. साधं बोलणं ६० डेसिबलचं असतं, म्हणजे कागदावर साडेचार इंची भिंतही बोलण्यापुरती पुरते. प्रत्यक्षात पुरत नाही, कारण भिंत एकटी नसते. दोन्ही घरांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून त्याच भिंतीत कोरलेले असतात. दोन्ही बाथरूम एकाच डक्टमध्ये उघडतात. दाराखाली फट असते. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का जागा उघडी राहिली तर ती भिंत कितीही भक्कम असो, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. जुन्या लाकडी खिडकीची झडप चौकटीवर दाबून बसायची; स्लायडिंग खिडकी सरकायची असेल तर तिच्यात फट ठेवावीच लागते.

जमिनीचं प्रकरण याहून वाईट. पावलाचा, पडलेल्या वाटीचा, ओढलेल्या पलंगाचा आवाज हवेतून येतच नाही. तो धक्का असतो आणि तो थेट स्लॅबमध्ये शिरतो. इथे वजनाने फारसं भागत नाही; मध्ये मऊ थर लागतो. वाड्यात माती होती. आज पाच इंचांचा स्लॅब, त्यावर सिमेंटच्या मसाल्यात घट्ट बसवलेली व्हिट्रिफाइड टाइल, आणि खाली खोलीचं उघडं छत. वरच्या घरातलं मूल मोज्यांशिवाय धावलं तरी खाली ढोल वाजतो. मुलाने धावू नये असं कोणी म्हणेल का? युरोपातल्या अनेक देशांत फरशीखाली लवचिक थर घालून वरचा काँक्रीटचा थर स्लॅबपासून सुटा ठेवतात. आपल्याकडे घरांत ही पद्धत रुजली नाही.

याच काळात घरातली साधनं वाढत गेली. पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. १९७३ मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे मुंबईचं दूरदर्शन पुण्यात दिसू लागलं. सुरुवातीला एका वाड्यात एक रेडिओ, एका मजल्यावर एक टीव्ही असायचा, ऐकायलाही सगळे एकत्र बसायचे. तोवर तो आवाज उपद्रव वाटत नव्हता. प्रत्येक घरात स्वतंत्र यंत्र आलं तेव्हा शेजारचा कार्यक्रम त्रासाचा झाला. पाटा-वरवंट्याची जागा मिक्सरने घेतली. उंच इमारती आणि ठरावीक वेळचं पाणी, म्हणून पहाटेचा पंप आला. भारनियमनाच्या वर्षांत जनरेटर आले, इतके की २००२ मध्ये केंद्राने त्यांच्यासाठी एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा घातली.

कायदा मात्र या सगळ्या काळात खिडकीबाहेर बघत होता. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या ३८ व्या कलमात, शेजारी राहणाऱ्यांना त्रास होत असेल तर कोणत्याही जागेतलं वादन, आवाज किंवा आवाज करणारा धंदा थांबवण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना दिला आहे. हे कलम शेजाऱ्यांच्या फार कामाचं होतं, पण फारच थोड्यांना माहीत होतं. नंतर १४ फेब्रुवारी २००० ला ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे दहा ते सहा. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात, नको असलेला आवाज ऐकायला भाग पाडलं जाऊ नये हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. २०१० च्या दुरुस्तीने खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज तिच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा पाचहून जास्त डेसिबलने वाढू नये असं म्हटलं आणि निवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायला बंदी घातली.

हे सगळं लाउडस्पीकर, फटाके, मिरवणुका यांच्या त्रासातून जन्मलं. त्याची गरज होतीच. लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या मिरवणुकीत अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी दोन दशकांहून अधिक काळ चौकाचौकांत डेसिबल मोजत आले आहेत आणि आकडे शंभराच्या वर जाताना शहराने पाहिले आहेत. पण नियमांतली मर्यादा परिसराची आहे, काही वेळाच्या सरासरीवर मोजायची. तक्रारीसाठी ती १० डेसिबलने ओलांडलेली असावी लागते किंवा रात्रीच्या बंदीचा भंग झालेला असावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये शांत झोपेसाठी बेडरूममध्ये ३० डेसिबल हा आकडा सुचवला. वरून येणारे पावलांचे धक्के झोप मोडायला पुरेसे असतात, तरी ४५ च्या सरासरीत ते दिसतही नाहीत. पोलीस येतात, मीटर काही दाखवत नाही, आणि तक्रार करणाराच खोटा ठरतो. आता भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवाचा दंड दोनशेवरून एक हजार रुपयांपर्यंत गेला आहे. त्याचाही इथे उपयोग नाही. दोन घरांमधल्या त्रासाला सार्वजनिक म्हणणं अवघड असतं.

आणि तरीही तंत्र ठाऊक नव्हतं असं नाही. बिगर-औद्योगिक इमारतींच्या ध्वनिरोधनासाठी भारतीय मानक आयएस १९५० हे १९६२ सालचं आहे, पानशेतच्या पुढच्याच वर्षाचं. राष्ट्रीय इमारत संहितेतही ध्वनिरोधनावर स्वतंत्र प्रकरण आहे. पण भोगवटापत्र, म्हणजे तयार इमारतीत राहायची परवानगी, घेताना आगीच्या बंदोबस्ताचा दाखला लागतो, लिफ्टचा लागतो, ड्रेनेजचा लागतो. दोन सदनिकांमधल्या भिंतीतून किती आवाज जातो ते मोजून दाखवायला कोणी सांगत नाही.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत ही उणीव उघडी पडली. हिंजवडी-खराडीत कामाला जाणारी माणसं घरात बसली. एकाची बैठक, दुसऱ्याची शाळा, तिसऱ्याची रात्रपाळी एकाच पातळ भिंतीच्या दोन्ही बाजूंना. रस्ते शांत झाल्यामुळे आधी बाहेरच्या गोंगाटात बुडालेले आवाजही ऐकू यायला लागले. तेव्हापासून लोक भिंतीला फोम चिकटवू लागले आहेत. त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, शेजारचा आवाज थांबत नाही, कारण फोमला वजन नसतं. अंड्यांच्या ट्रेचंही तेच. उपयोग होतो तो फटी बंद करण्याचा: दाराखाली रबरी पट्टी, डक्टकडच्या खिडकीला बसणारी झडप, समोरासमोरच्या स्विचबोर्डांमधली पोकळी भरून घेणं. पंपाच्या आणि वॉशिंग मशिनच्या पायांखाली रबर, पंपाच्या पाइपला लवचिक जोड. खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या चकत्या आणि मुलांच्या खोलीत जाड सतरंजी, हे मात्र वरच्या घरात करावं लागतं आणि फायदा खालच्याला होतो. म्हणून ते मागताना तक्रारीच्या सुरात मागू नये, आणि शक्य असेल तर चकत्या आपणच नेऊन द्याव्यात.

सध्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या सोसायट्या पुनर्विकासाला चालल्या आहेत. त्यांच्या नऊ इंची भिंती पाडून तिथे एएसी आणि ॲल्युमिनियमच्या साच्यातल्या काँक्रीटच्या भिंती येतील. विकसकाशी होणाऱ्या करारनाम्याच्या जोडपत्रात टाइलची कंपनी, नळांचा ब्रँड, लिफ्टचा वेग हे सगळं लिहिलेलं असतं. त्याच पानावर तीन ओळी मागता येतात: दोन सदनिकांमधली भिंत कशाची आणि किती जाडीची, टाइलखाली लवचिक थर आहे की नाही, आणि पंपघर कोणाच्या बेडरूमखाली येणार. स्लॅब पडायच्या आधी याचा खर्च एकूण बांधकामाच्या मानाने थोडा असतो. टाइल बसल्यावर खालच्या घराला कितीही पैसे खर्च करून तो थर घालता येत नाही.