स्विचची निळी केबल

ऑफिसमधले कॉम्प्युटर केबलने एकमेकांना जोडणारी पेटी म्हणजे नेटवर्क स्विच. रॅकमध्ये बसणारा मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, स्विच खोक्यातून काढला, की अनेकदा त्याला स्वतःचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांकच नसतो. पत्ता नाही म्हणून नेटवर्कवरून त्याच्याशी बोलता येत नाही, आणि बोलल्याशिवाय पत्ता देता येत नाही. ही कोंडी फोडायला स्विचवर ‘कन्सोल’ नावाचा वेगळा पोर्ट असतो; त्यात केबल लावून कॉम्प्युटरवरून स्विचशी थेट बोलता येतं. बऱ्याच स्विचवर तो शेजारच्या इथरनेट (नेटवर्क केबलच्या) पोर्टांसारखाच, आठ पिनांचा आरजे-४५ दिसतो. आत मात्र इथरनेट नसून आरएस-२३२ असतं, म्हणजे १९६० साली अमेरिकेत टेलिप्रिंटर आणि मोडेम यांच्या जोडणीसाठी ठरलेलं सिरियल मानक.

सिरियल म्हणजे बिट एकामागून एक, एकाच तारेवरून. बोलायला एक तार, ऐकायला एक आणि एक ग्राउंड, एवढ्यावर भागतं. उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १, अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे ०. गंमत अशी, की दोन्ही टोकांना मिळून एक घड्याळ नसतं. बोलणं थांबलेलं असताना तार १ वर असते. ती ० वर आली (हा स्टार्ट बिट) की ऐकणारा समजतो, अक्षर सुरू झालं. मग तो आपल्याच घड्याळाने मोजत आठ बिट वाचतो, शेवटी एक स्टॉप बिट येतो, आणि पुढच्या अक्षराला मोजणी पहिल्यापासून. दोन्हीकडची घड्याळं जराशी मागेपुढे असली तरी चूक साचत जात नाही, ती त्या दहा बिटांतच संपते.

वेग मात्र आधी ठरलेला हवा. सिस्को कंपनीच्या स्विचवर तो सहसा सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे ९६० अक्षरं. ८० बाय २४चा जुना टर्मिनलचा पडदा भरायला दोन सेकंद. काही उपकरणांवर ११५२०० असतो. कॉम्प्युटरवर कन्सोल उघडायच्या पुटी या प्रोग्रॅममध्ये हा आकडा चुकला, की पडद्यावर चित्रविचित्र चिन्हं उमटतात. का, ते सोपं आहे: ११५२०० हे ९६००च्या बारापट. स्विचचा एक बिट संपेपर्यंत कॉम्प्युटरने दहा बिटांचं अख्खं अक्षर मोजून टाकलेलं असतं. चिन्हं दिसली तर केबल बदलण्याआधी वेग तपासावा. काहीच दिसत नसेल, तर केबलकडे वळावं.

सिस्कोची फिकट निळी, चपटी केबल ‘रोलओव्हर’ असते: एका टोकाची पहिली पिन दुसऱ्या टोकाच्या आठवीला, दुसरी सातवीला, असं उलट. त्यामुळे बोलण्याची तिसरी पिन ऐकण्याच्या सहावीशी जुळते. लॅपटॉपवरचे नऊ पिनांचे पोर्ट गेल्यापासून मध्ये यूएसबीला सिरियलशी जोडणारा कन्व्हर्टर आला, आणि खऱ्या कटकटी तिथे आहेत. २०१४ मध्ये अशा कन्व्हर्टरच्या चिप बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने बाजारातल्या नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य केला, आणि अनेकांचे चालते कन्व्हर्टर मुके झाले. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. नकलेला धडा शिकवायची ही रीत मला तरी पटत नाही. शिक्षा झाली ती गिऱ्हाइकाला.

एकदा आयपी दिला की पुढचं काम नेटवर्कवरूनच होतं. पण दुरून व्हीलॅन (एकाच स्विचवरचे वेगवेगळे आभासी नेटवर्क) बदलताना एक चुकीची ओळ गेली, की बसल्या फांदीवरच घाव बसतो: स्विचशी असलेला आपलाच संपर्क तुटतो. ४ ऑक्टोबर २०२१ला, आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास, फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप बंद पडले ते देखभालीच्या एका आज्ञेमुळे. दुरून आत शिरायची नेहमीची वाट बंद झाली, राखीवही बंद झाली, आणि इंजिनिअरांना डेटा सेंटर गाठावं लागलं. सगळं सुरळीत व्हायला सुमारे सहा तास गेले. कन्सोलला ना आयपी लागतो ना राउटिंग (नेटवर्कवरून वाट शोधणं), म्हणून इतका हळू असूनही तो हटलेला नाही.

पण हाच पोर्ट धोक्याचाही आहे. सिस्कोच्या कॅटलिस्ट मालिकेतल्या अनेक स्विचवर मोड बटण दाबून धरून वीज दिली आणि कन्सोलवरून सेटिंगच्या फाइलचं नाव बदललं, की स्विच पासवर्ड न विचारता सुरू होतो. पासवर्ड विसरलेल्यांसाठी ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे, आणि रॅकपर्यंत पोचणाऱ्या कुणालाही ती वापरता येते. तेव्हा रॅकला कुलूप हवंच.