पगाराच्या स्लिपमधला 'स्पेशल अलाऊन्स' आला कुठून

नवीन धंदा, पहिली पाच-सात माणसं, आणि पगार चालू करायचा म्हटलं की बहुतेक जण ओळखीतल्या कोणाकडून तरी एक्सेल शीट मागून घेतात. त्यात बेसिक (मूळ पगार) ४० टक्के, एचआरए (घरभाडं भत्ता), कन्व्हेयन्स (प्रवास भत्ता) आणि उरलेलं सगळं स्पेशल अलाऊन्स असे कप्पे आधीच पाडलेले असतात. हे कप्पे का पाडले ते कोणी विचारत नाही, म्हणून हे लिहितेय.

फार मागे जात नाही. पगार हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, ७ तारखेच्या आत पगार हे १९३६ च्या कायद्यातलं. पीएफ १९५२ ला आला तेव्हा फक्त ६ उद्योगांना आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तरच होता, १९६० मधे तो आकडा २० वर आला.

आपल्यासारख्या छोट्या लोकांना खरा फरक पडला १९९७ ला. तोपर्यंत नव्या धंद्याला पहिली ३ वर्षं पीएफमधून सूट असायची. सप्टेंबर १९९७ मधे ती गेली आणि त्याच वेळी बहुतेकांचा दर १० वरून १२ टक्के झाला. म्हणजे २० माणसं असतील तर पहिल्या दिवसापासून लागू. मग सुटायच्या दोन वाटा उरल्या, माणसं कमी दाखवा नाहीतर ज्यावर पीएफ कापतात ते बेसिक कमी दाखवा. पहिली वाट मी स्वतः पाहिलीय, २००४ मधे भोसरीच्या एका वर्कशॉपमधे हिशोबाला होते तेव्हा मस्टरवर (हजेरीपटावर) १९ नावं आणि बाकीच्यांना व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही. खाडे, उचल सगळं त्यांचंही व्यवस्थित कापलं जायचं, फक्त मस्टरवर नाव नाही. लेथवरचे एक काका ९ वर्षांनी सोडून गेले तेव्हा त्यांच्या नावावर पीएफचा एक रुपया नव्हता.

दुसरी वाट म्हणजे हा स्पेशल अलाऊन्स, आणि इथे शब्दाचाच घोळ आहे. महाराष्ट्रात किमान वेतनाच्या पत्रकात 'विशेष भत्ता' असतो, तो खरं तर महागाई भत्ता, दर ६ महिन्यांनी निर्देशांकाप्रमाणे बदलतो, आणि महागाई भत्त्यावर पीएफ कापायचा हे कायद्यात पहिल्यापासून स्पष्ट आहे. पण खाजगी स्लिपवरचा स्पेशल अलाऊन्स म्हणजे बेरीज जुळवायला टाकलेला आकडा, त्यावर पीएफ नाही असं सगळे धरून चालायचे. नाव एकच, गोष्टी दोन. नवीन अकाउंटंट पोरं इथे हमखास गोंधळतात आणि त्यात त्यांची चूक नाही.

हिशोब करून बघा. २०१६ च्या सुमारास १४,००० पगार: बेसिक ५,०००, एचआरए २,५००, कन्व्हेयन्स १,६००, स्पेशल ४,९००. नुसत्या बेसिकवर १२ टक्के म्हणजे ६००. एचआरए सोडून सगळ्यावर धरलं तर १,३८०. महिन्याला ७८० कामगाराचे आणि मालकाचेही तेवढेच, दोन्ही खात्यात गेलेच नाहीत. टॅक्स वाचवायला तुकडे पाडतो असं मालक सांगायचे, पण १४ हजारवाल्याला टॅक्स होताच कुठे? आणि २०१८ मधे कन्व्हेयन्स-मेडिकलची सूट जाऊन त्याजागी ४०,००० चं स्टँडर्ड डिडक्शन आलं तरी शीट काही बदलली नाही.

फेब्रुवारी २०१९ मधे सर्वात वरच्या कोर्टाने सांगितलं की जो भत्ता सगळ्यांना सरसकट मिळतो आणि जास्तीच्या कामाशी जोडलेला नाही तो बेसिकमधेच धरायचा. तेव्हा मालकांमधे केवढी धावपळ झाली, पण मला विचाराल तर यात नवीन काही नव्हतं, त्याच कोर्टाच्या १९६२ च्या निकालातही हेच तत्त्व होतं, मधली ५७ वर्षं सोयीचा अर्थ लावला गेला. मालकांची बाजूही सांगायला हवी: हातात येणारा पगार कमी होतो आणि माणसं तेच विचारतात, "मॅडम, कटून किती येणार?" हे खरंच आहे, मीही रोज ऐकते. पण पीएफ खात्यात जमा होणारा दुसरा आकडा त्यांना कोणी दाखवतच नाही.

फेब्रुवारी २०२० पासून नवीन कंपनी नोंदवतानाच पीएफ, ईएसआय (कामगार विमा) आणि महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्सचाही नंबर मिळतो, एकही माणूस नसला तरी. नंबर आला म्हणून लगेच चलन भरायचं नसतं, पीएफला २० आणि ईएसआयला १० माणसं होईपर्यंत थांबता येतं, यावरून लोक उगाच घाबरतात.

आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला नवे लेबर कोड लागू झाले. आता वेतनात न धरायचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. १५,००० च्या वेतन-मर्यादेवर (पगार कितीही असो, तेवढ्यावरच) पीएफ कापत असाल तर हातातला पगार कमी होणार नाही असा खुलासा नंतर आला, त्यामुळे मोठे पगार तसे सुटले, धक्का आहे तो मर्यादेच्या आतल्या पगारांना. ग्रॅच्युइटीला (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेला) मात्र ही मर्यादा नाही. ती याच नव्या वेतनावर मोजायची, आणि ठराविक मुदतीवर घेतलेल्या माणसाला आता ५ नाही, १ वर्षानंतरच लागू होते, म्हणजे ११ ऐवजी पूर्ण १२ महिन्यांचं लेटर दिलेला पोरगाही त्यात आला.