नाकाभोवतीचे दाणे, जे मुरूम नसतात

मुरमांचं मलम वर्षभर लावून झालं, तरी नाकाच्या दोन्ही बाजूंचे बारीक टणक दाणे ना पिकतात, ना फुटतात, ना जातात. अशा वेळी दोन दुर्मीळ नावं आठवावीत: अँजिओफायब्रोमा आणि ट्रायकोएपिथेलिओमा. दोन्ही साध्या गाठी, म्हणजे कर्करोग नव्हे. जागाही जवळपास तीच, म्हणून घोळ होतो.

अँजिओफायब्रोमात रक्तवाहिन्या भरपूर, त्यामुळे दाणा लालसर. काचपट्टी दाबून धरली की लाली फिकी पडते, उचलली की परत येते. सावळ्या कातडीवर तो तपकिरी दिसतो आणि लालच शोधणारा फसतो. ट्रायकोएपिथेलिओमा केसांच्या मुळांशी नातं सांगणारा, कातडीच्याच रंगाचा. मग वरचा ओठ बघायचा: तिथे हा सर्रास येतो, अँजिओफायब्रोमा सहसा ती जागा सोडतो. शिवाय अँजिओफायब्रोमा बहुधा लहानपणीच दिसू लागतात, ट्रायकोएपिथेलिओमा वयात येताना.

खरा फरक मात्र चेहऱ्याबाहेर आहे. पुष्कळ अँजिओफायब्रोमा म्हणजे ट्यूबरस स्क्लेरोसिसची, म्हणजे अनेक अवयवांत साध्या गाठी करणाऱ्या जनुकीय आजाराची, शंका. मुलाला झटके येतात का विचारायचं, अंगावर पानाच्या आकाराचे पांढरट डाग शोधायचे, मेंदू आणि मूत्रपिंडांची तपासणी करायची. (प्रौढाच्या नाकावर एकच दाणा असेल तर एवढी धावपळ नको.) पुष्कळ ट्रायकोएपिथेलिओमा असतील तर सीवायएलडी जनुकातला दोष संभवतो. तो पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता 50 टक्के, म्हणून आईवडिलांचे चेहरे बघावेत आणि रुग्णाचं डोकं चाचपावं. केसांत सिलिंड्रोमा नावाच्या साध्या गाठी लपलेल्या असू शकतात.

तरी शिक्कामोर्तब बायोप्सीनंच, आणि तुकडा पुरेसा खोल हवा. वरवर खरवडलेल्या तुकड्यात ट्रायकोएपिथेलिओमा आणि बेसल सेल कार्सिनोमा हा कर्करोग वेगळे ओळखताना पॅथॉलॉजिस्टचीही दमछाक होते.

उपचारांत अँजिओफायब्रोमाचं नशीब बरं. ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये एमटॉर या वाढीच्या यंत्रणेचा ब्रेक निकामी झालेला असतो. सिरोलिमस हे औषध तोच ब्रेक लावतं. त्याच्या 0.2 टक्के जेलला अमेरिकेत 2022 मध्ये मान्यता मिळाली. लावणं थांबवलं की दाणे पुन्हा डोकं वर काढतात, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. ट्रायकोएपिथेलिओमासाठी असं हमखास मलम नाही. लेसरनं किंवा विजेच्या सुईनं ते सपाट करतात, पण शेजारी नवे उगवत राहतात. मात्र त्यातला एखादा झपाट्यानं वाढला किंवा चिघळला, तर त्याची पुन्हा बायोप्सी करायची, जुना रिपोर्ट काहीही म्हणो.