ईमॅक्समध्ये विंडो बंद केली की फाईल जाते?

ऐरोली-महापेकडच्या ऑफिस ग्रुपवर हे कायम फिरत असतं की ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये विंडो बंद केली की सेव्ह न केलेलं काम गेलंच. तसं होत नाही. मजकूर असतो बफरमध्ये, म्हणजे ईमॅक्सने मेमरीत उघडून ठेवलेल्या प्रतीत; विंडो म्हणजे स्क्रीनचा एक भाग, ती तो मजकूर फक्त दाखवते. बाकीच्या बऱ्याच ॲपमध्ये दोन्ही एकदमच बंद होतं म्हणून भीती वाटते, साहजिक आहे.

स्वतः बघा ना, कंट्रोल-एक्स २ दाबून स्क्रीनचे दोन भाग करा, एका भागात दुसरी फाईल उघडा, दोन अक्षरं टाईप करा आणि सेव्ह न करताच कंट्रोल-एक्स ० ने तो भाग बंद करा. आता कंट्रोल-एक्स कंट्रोल-बी दाबा, यादीत ती फाईल आहेच, नावाआधी चांदणी (*) दिसेल म्हणजे सेव्ह करायचं बाकी आहे. बफर खरंच बंद होतो तो कंट्रोल-एक्स के ने, आणि तेव्हासुद्धा फाईल सेव्ह केलेली नसेल तर ईमॅक्स आधी विचारतं.