वेबसाइटचं बिल वेगळं, एसईओचं वेगळं. असं का?

वेबसाइटची चौकशी करायला येणारे बहुतेक जण कोटेशन हातात घेतल्यावर विचारतात, "यात गूगलवर वर येणं धरलंय ना?" नाही, धरलेलं नाही. गूगलच्या निकालांत साइट वर आणण्याच्या त्या कामाला एसईओ म्हणतात. त्याचं बिल वेगळं का, ते सांगायला हे पत्रक.

वेबसाइट बनवणं हे ठरवून घेतलेलं काम आहे. पानं किती, चौकशीचा फॉर्म कुठल्या ईमेलवर जाणार, ऑनलाइन पैसे घ्यायचे का, हे आधी लिहून ठरतं. निम्मे पैसे सुरुवातीला, उरलेले साइट ताब्यात देताना. उशीर झालाच तर बहुतेक वेळा फोटोंपायी होतो ("उद्या पाठवतो" हे वाक्य आम्हाला आता पाठ झालंय). साइट तयार झाली की तुम्ही ती मोबाइलवर उघडता, फॉर्म भरून बघता. काम झालं की नाही, हे तुमचं तुम्हालाच कळतं.

एसईओत ताब्यात देण्यासारखं काही नसतं. लोक काय टाइप करतात ते बघायचं, त्याप्रमाणे पानं सुधारायची, महिनाभर थांबायचं, आकडे बघायचे, पुन्हा सुधारायचं. फरक दिसायला बहुतेक वेळा ४ महिने ते वर्ष लागतं, असं गूगल स्वतःच सांगतं. म्हणून याचं बिल महिन्याला. खरं सांगायचं तर धंदा म्हणून आम्हालाही हेच सोयीचं. वेबसाइटला दरवेळी नवं गिऱ्हाईक शोधावं लागतं. पण काम डोळ्यांना दिसत नसल्यामुळे एसईओत लबाडीलाही जागा जास्त.

"पहिल्या नंबरची गॅरंटी" कुणी देत असेल तर तिथून उठा. अशी गॅरंटी कुणालाच देता येत नाही. गूगलवर जाहिरात दिली म्हणून खालचे बिनपैशाचे निकालही वर सरकत नाहीत. बिलात "कीवर्ड टॅग भरणे" (म्हणजे पानाच्या कोडमध्ये शोधशब्दांची यादी टाकणे) असं लिहिलेलं दिसलं, तर क्रमवारीसाठी तो टॅग वापरत नसल्याचं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. पैसे देऊन दुसऱ्यांच्या साइटवर लावून घेतलेल्या लिंकांचंही तसंच. गूगलने २०१२ मध्ये क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या 'पेंग्विन' नावाच्या बदलानंतर अशा लिंकांवर वर चढलेल्या कितीतरी साइट खाली घसरल्या.

ही दोन कामं कुठे एकमेकांत अडकतात, ते आम्ही आमच्याच चुकीतून शिकलो. अर्धवट साइट गूगलमध्ये येऊ नये म्हणून वर्डप्रेसच्या (साइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये एक टिक करून ठेवतात. सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्यांची साइट सुरू करताना ती टिक काढायची आमच्याकडून राहिली. साइट देखणी, फॉर्म चालू, पैसेही मिळाले. अडीच महिन्यांनी त्यांचा फोन आला: "आमच्या दुकानाचं नाव टाकलं तरी आम्ही सापडत नाही!" टिक काढली, साइट दिसू लागली. तरी चौकशा येईनात. मग सर्च कन्सोल (लोकांनी काय शोधल्यावर साइट दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) उघडून बसलो. लोक शोधत होते "राजापुरी हळद भाव", "हळकुंड होलसेल", तेही बरेचदा इंग्रजी अक्षरांत. साइटवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं "प्रीमियम टर्मरिक सोल्युशन्स". भावाचा तक्ता होता, पण तो फोटो म्हणून चिकटवलेला, आणि फोटोतले शब्द गूगलच्या शोधात नीट धरले जात नाहीत. तो मजकूर म्हणून टाइप केला, हळकुंडाचं वेगळं पान केलं. पहिली चौकशी त्या पानावरूनच आली.

तेव्हापासून साइट ताब्यात देण्याआधी एसईओ बघणारा आमचा माणूस ती एकदा तपासतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. जुन्या साइटच्या जागी नवी करत असाल, तर जुने पत्ते नव्या पानांकडे वळवणंही वेबसाइटच्याच बिलात धरलेलं असतं. ते राहिलं तर जुन्या साइटने गूगलवर कमावलेली जागा पाण्यात जाते.

सगळ्यांनाच महिन्याचा एसईओ लागतो असंही नाही. गिऱ्हाईक आसपासच्या चार गल्ल्यांतलंच असेल, तर गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगलवर आणि नकाशावर दिसणारी दुकानाची माहिती) नीट भरा: वेळा, फोन नंबर, दुकानाचे खरे फोटो. ते फुकट आहे. आमच्याकडून भरून घ्यायचं असेल तर एकदाच पैसे लागतील.

जीएसटी दोन्ही कामांवर १८ टक्के.

कोटेशन घ्यायला येताना गेल्या महिन्यात गिऱ्हाइकांनी फोनवर विचारलेले दहा प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. आधीची साइट असेल, तर डोमेन (साइटचा पत्ता) कुणाच्या नावावर आणि कुठल्या ईमेलवर नोंदवलंय तेवढं बघून या. ते दुसऱ्याच्या नावावर निघालं, तर आधी ते तुमच्या नावावर करून घेऊ, बाकीचं नंतर.